‘थुओक’ म्हणजे औषध आणि आणखी बरंच काही: व्हिएतनामच्या औषधांचं संग्रहालय बघायला जाण्याआधी

मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी व्हिएतनामला जाऊन आलेलं असतं. २०२४ मध्ये पाच लाखांच्या आसपास भारतीय तिकडे गेले. सहलीचा कार्यक्रमही आता ठरून गेलाय: कू चीची भुयारं, युद्धाच्या अवशेषांचं संग्रहालय, मेकाँगमध्ये होडी, बेन थान बाजारात घासाघीस. याच शहरात होआंग यू खुओंग रस्त्यावर ४१ नंबरला पारंपरिक व्हिएतनामी औषधांचं संग्रहालय आहे. वनौषधी बनवणाऱ्या फितो नावाच्या कंपनीने ते उभारलं आणि २००७ मध्ये लोकांसाठी उघडलं. अठरा दालनं, जवळजवळ तीन हजार वस्तू, आणि आतून सगळं कोरीव लाकूड.

मी तिथे गेलो तेव्हा पहिला अर्धा तास नुसते खांब आणि तुळया बघत होतो, कारण बाकी काही कळत नव्हतं. पाट्यांवर ‘उत्तरेचं औषध’, ‘दक्षिणेचं औषध’. भिंतींवर चिनीसारखी अक्षरं, पण हे चिनी नाही असं सांगितलं जात होतं. कोनाड्यात दोन वैद्यांचा देव्हारा. हे चिनी वैद्यक आहे, व्हिएतनामी आहे, की आपल्या आयुर्वेदाचं कोणी नातेवाईक? तुम्ही जाणार असाल तर हा गोंधळ घरीच सोडवून जा.

आधी एक शब्द

व्हिएतनामी भाषेत औषधाला ‘थुओक’ म्हणतात. पण थुओक म्हणजे नुसतं औषध नव्हे. सिगारेट म्हणजे ‘थुओक ला’, पानाचं औषध. पिकावरच्या किडीवर फवारतात तेही थुओक. बंदुकीची दारू, तीही थुओकच.

परदेशी पाहुण्यांना यात मोठी गंमत वाटते. आपल्याला वाटायचं कारण नाही. आपला शेतकरी कपाशीवर ‘औषध मारतो’ तेव्हा तो कीटकनाशकाबद्दलच बोलत असतो. आणि ‘दवादारू’मधली दारू मुळात औषधच, फारसीतून आलेली. पुढे तीच गुत्त्यात गेली आणि दारूगोळ्यातही. अंगावर किंवा जगावर काहीतरी परिणाम करणारी वस्तू ती औषध, मग परिणाम बरा असो की वाईट, ही जुनी समजूत दोन्ही भाषांनी जपून ठेवली आहे. हा लेख पुढे जाईल तसा हा मुद्दा परत येणार आहे.

उत्तर कुठली आणि दक्षिण कुठली?

‘थुओक बाक’ म्हणजे उत्तरेचं औषध आणि ‘थुओक नाम’ म्हणजे दक्षिणेचं. बहुतेक पर्यटक इथेच फसतात. त्यांना वाटतं हनोईचं एक आणि सायगावचं (हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव) एक. तसं नाही. ही उत्तर म्हणजे चीन, आणि दक्षिण म्हणजे सगळा व्हिएतनाम. देशाच्या नावातला ‘नाम’ हाच.

थुओक बाक हे शास्त्र शिकलेल्या वैद्याचं औषध. वाळवलेल्या मुळ्या, साली, बिया, त्यातल्या कित्येक चीनमधून आलेल्या, वैद्याच्या दुकानात शंभर खणांच्या कपाटात ठेवलेल्या. वैद्य नाडी बघून चिठ्ठी लिहिणार, मग खणाखणातून चिमूट-चिमूट काढून, तोलून पुडी बांधणार. थुओक नाम हे परसातलं औषध. ओली पानं, एखाददुसरी वनस्पती, खर्च शून्य, आणि सांगणारी बहुधा घरातली म्हातारी.

म्हणजे एकीकडे वैद्यबुवांचा काढा आणि दुसरीकडे आजीबाईचा बटवा, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं संग्रहालय उलगडतं. सर्दी झाली की लिंबूवर्गीय झाडांचा पाला आणि गवती चहा उकळून पांघरुणाखाली वाफ घेणं, हे थुओक नाम. आपल्याकडे त्याला वाफारा म्हणतात आणि गवती चहा त्यातही असतो. व्यवहारात दोन्ही प्रवाह कधीच मिसळून गेलेत. वैद्याच्या चिठ्ठीत परसातलं आलं येतं आणि आजीच्या काढ्यात चिनी खजूर.

“मग हे चिनी वैद्यकच ना, थोडं बदललेलं?”

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असंच द्यायला हवं. दहाव्या शतकापर्यंत हजारेक वर्षं उत्तर व्हिएतनामवर चीनचं राज्य होतं. यिन-यांगची जोडी (व्हिएतनामीत ‘अम’ आणि ‘झुओंग’), लाकूड-अग्नी-माती-धातू-पाणी ही पाच तत्त्वं, नाडी बघण्याची रीत, हे सगळं तिकडून आलं. पण मराठीने संस्कृतातून शास्त्राचे शब्द घेतले, फारसीतून कचेरीचे घेतले, म्हणून मराठी काही संस्कृत किंवा फारसी झाली नाही. शास्त्राची चौकट बाहेरची आणि आत भरलेला पाला घरचा, असा व्हिएतनामी वैद्यकाचा प्रकार आहे.

हे पहिल्यांदा ठासून सांगणारा माणूस म्हणजे चौदाव्या शतकातला बौद्ध भिक्खू तुए तिन्ह. देव्हाऱ्यातल्या दोघांपैकी एक हा. ‘दक्षिणेच्या औषधाने दक्षिणेच्या माणसाला बरं करावं’ हे त्याचं वचन तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वर वर पाहता ही देशाभिमानाची घोषणा वाटते. मुळात तो सरळ हिशेब होता. शेकडो मैलांवरून येणारी महाग मुळी गरिबाला परवडत नाही आणि युद्ध पेटलं की येतही नाही. बांधावरचा पाला मात्र कायम असतो. त्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात ५८० औषधी द्रव्यं नोंदवलेली आहेत. त्याने वनस्पतींचे गुण लोकभाषेत पद्यातही बांधले. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी पाठ करावेत म्हणून.

त्याचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. १३८५ मध्ये चीनच्या मिंग बादशहाच्या दरबारात खंडणीबरोबर नजराणा म्हणून माणसं पाठवायची होती, त्यात याला पाठवलं गेलं. दक्षिणेच्या औषधाचा आग्रह धरणारा हा वैद्य उत्तरेतच वारला. ‘दक्षिणेकडे परतणाऱ्या कोणीतरी मला सोबत न्यावं’ अशा अर्थाचं त्याच्या कबरीवर कोरलेलं होतं, असं सांगतात.

भिंतींवरच्या अक्षरांचं कोडंही इथेच सुटतं. ती दोन प्रकारची आहेत: एक शुद्ध चिनी आणि दुसरी ‘नोम’, म्हणजे चिनी अक्षरं वाकवून व्हिएतनामी भाषेसाठी बनवलेली. आजचा व्हिएतनामी माणूस रोमन लिपीत लिहितो, त्याला नोम वाचता येत नाही. पणजोबांची मोडीतली वही हातात घेऊन आपण जसे नुसते वळसे बघत बसतो, तशीच त्याचीही अवस्था होते.

आळशी म्हातारा

देव्हाऱ्यातला दुसरा माणूस मला जास्त आवडला. नाव ले हूउ त्राक, पण लोक ओळखतात ते हाई थुओंग लान ओंग या टोपणनावाने. त्यातल्या ‘लान ओंग’चा अर्थ आळशी म्हातारा. आळस कामाचा नव्हता, मानमरातबाचा होता. तरुणपणी सैन्यात होता, आजारी पडला, बरं करणाऱ्या वैद्याकडेच ग्रंथ वाचू लागला आणि तिथेच गुंतला. मग आईच्या माहेरच्या डोंगराळ गावात राहून त्याने ६६ खंडांचा वैद्यककोश लिहिला. हनोईच्या जुन्या पेठेत आणि सायगावच्या चोलोन भागात ज्या रस्त्यांना त्याचं नाव आहे, तिथे आजही औषधी मुळ्यांचीच दुकानं आहेत. पोहोचायच्या आधी वास येतो. त्याच्या जन्माला ३०० वर्षं झाली म्हणून २०२४ च्या स्मरणसोहळ्यात युनेस्कोही सामील झाली.

१७८२ मध्ये राजधानीतून हुकूम आला: सत्ताधारी त्रिन्ह घराण्याचा छोटा वारस आजारी आहे, निघा. या प्रवासाचं वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे आणि त्यातला उतारा व्हिएतनामच्या शालेय पुस्तकांत वर्षानुवर्षं होता. पडद्यामागून पडदे, अंधारात मेणबत्त्या, सोन्याचा मुलामा दिलेली बैठक, आणि तिच्यावर बसलेलं एक फिकुटलेलं पोर. आळशी म्हाताऱ्याचं निदान असं: लाडाने पडद्याआड कोंडलंय, खूप खायला घालतात, खूप कपडे चढवतात, म्हणून आतले अवयव दुबळे झालेत.

खरी गोष्ट पुढे आहे. त्याच्या मनात येतं, याला लगेच बरं केलं तर हे आपल्याला इथेच अडकवून ठेवतील, डोंगरात परत जाऊ देणार नाहीत. मग एखादं मिळमिळीत औषध द्यावं का? बरं होणार नाही, बिघडणारही नाही, आपण सुटू. असं मनात आलं हे त्याने लपवलं नाही. शेवटी त्याने जे योग्य वाटलं तेच औषध लिहून दिलं. वैद्यांसाठी त्याने नऊ सूचनाही लिहिल्या आहेत. त्यातली एक अशी की एकाच वेळी बोलावणी आली तर कोणाचा आजार तातडीचा ते बघून क्रम लावा, श्रीमंती बघून नव्हे. दुसरी, एकट्या बाईला तपासताना सोबत कोणीतरी असू द्या.

संग्रहालयात लाकडात कोरलेलं एक झाड आहे, व्हिएतनामच्या शंभर वैद्यांची नावं फांद्याफांद्यांवर असलेलं. त्यापुढे उभं राहताना ही दोन नावं आणि त्यामागच्या गोष्टी माहीत असल्या की झाड जरा जिवंत होतं.

एका पुडीत दहा-बारा मुळ्या कशाला?

इथे युरोपियन पाहुण्याला लांबलचक समजवावं लागतं. मराठी माणसाला दोन वाक्यं पुरतात. पदार्थ थंड असतात आणि उष्ण असतात, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पपई उष्ण, सब्जा थंड. व्हिएतनामी माणूसही ड्युरियन हे फणसासारखं फळ खाल्ल्यावर अंगात ‘नोंग’, म्हणजे उष्णता वाढली म्हणतो आणि गोगलगाय थंड म्हणून आल्याच्या चटणीशी खातो. ‘वारं लागलं’ हे निदान तिथेही आहे. त्यावर पाठीला तेल चोळून नाण्याच्या कडेने घासतात, लाल-लाल पट्टे उठेपर्यंत. निर्वासित होऊन अमेरिकेत गेलेल्या व्हिएतनामी मुलांच्या पाठीवर असे पट्टे बघून तिथल्या डॉक्टरांना आईबापांनी मारलं असावं असा संशय आल्याच्या नोंदी आहेत.

आता पुडी. तिची रचना दरबारासारखी मानतात: राजा, प्रधान, साहाय्यक आणि दूत. राजा म्हणजे मुख्य आजारावरचं द्रव्य. प्रधान त्याला जोर देतो. साहाय्यक राजाचा तिखटपणा आवरतो किंवा इतर तक्रारी बघतो. दूत सगळ्यांचं जमवून घेतो आणि औषध हवं तिथे पोचवतो. दूताचं काम बहुतेक वेळा ज्येष्ठमधाकडे असतं, म्हणून जवळपास प्रत्येक पुडीत ते सापडतं. पुडी मातीच्या भांड्यात उकळायची, तीन वाट्या पाण्याची एक होईपर्यंत. धातूची द्रव्याशी रासायनिक क्रिया होऊ शकते म्हणून माती.

तपासणीही चार पायऱ्यांची: बघणं, ऐकणं (यात वास घेणंही आलं), विचारणं आणि शेवटी नाडी. मनगटावर तीन बोटं ठेवतात, आपल्या वैद्यांसारखीच. पण आपल्याकडे तीन बोटांखाली वात, पित्त, कफ शोधतात आणि तिकडे शरीराच्या निरनिराळ्या अवयवांचा हाल. मुद्रा एकच, वाचन वेगळं. दोन शास्त्रं एकच आहेत असं सहलीतले लोक पटकन म्हणून टाकतात, त्यांना हे सांगा.

“ते सगळं ठीक. पण गुण येतो का?”

इथे सरसकट हो किंवा नाही म्हणणारा माणूस काहीतरी विकतोय असं समजावं. एकच उदाहरण नीट बघू, कारण ते व्हिएतनामशी थेट जोडलेलं आहे.

अमेरिकेशी युद्ध चालू असताना उत्तर व्हिएतनामचे सैनिक जंगलात गोळीइतकेच हिवतापाने पडत होते. जुन्या औषधांना तो दाद देईना. व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली आणि २३ मे १९६७ रोजी चीनमध्ये एक गुप्त संशोधन प्रकल्प सुरू झाला. तारखेवरून त्याचं नाव ‘५२३’. त्यात तू यूयू या संशोधक बाई होत्या. त्यांच्या गटाने दोन हजारांवर जुने नुसखे चाळले आणि सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. एका वनस्पतीने आशा दाखवली, पण परिणाम कधी यायचा, कधी नाही.

मग चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथातली एक ओळ त्यांना खटकली. त्यात काढा करायला सांगितलंच नव्हतं. मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या, एवढंच होतं. म्हणजे उष्णतेने गुण जात असेल का? त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो उंदीर-माकडांवर पूर्ण लागू पडला. त्यातून निघालेलं आर्टेमिसिनिन आज जगभर हिवतापावर पहिलं औषध आहे. तू यूयूंना २०१५ चं नोबेल मिळालं. व्हिएतनामने ही वनस्पती स्वतः पिकवली, औषध गावोगाव पोचवलं, सोबत मच्छरदाण्या आणि फवारणी केली, आणि १९९२ ते १९९७ या पाच वर्षांत तिथले हिवतापाचे मृत्यू ९७ टक्क्यांनी घटले.

ती वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतो त्या दवण्याची चुलत बहीणच म्हणा. (म्हणून दवण्याचा रस काढून पिऊ नका. कूळ एक म्हणजे गुणही तोच, असं नव्हे.)

परंपरेचे भक्त या गोष्टीतला जुना ग्रंथ सांगतात आणि दोनशे वनस्पती गाळतात. विरोधक नेमकं उलट करतात. जुन्या ओळीशिवाय बाईंना वाट सापडली नसती हे खरं. बाकीच्या शंभरावर वनस्पती तितक्याच जुन्या, तितक्याच पूज्य होत्या आणि त्यांचा हिवतापाला काडीचा उपयोग झाला नाही, हेही तितकंच खरं. व्हिएतनामचं सरकारी धोरण बरंचसं या मधल्या वाटेचं आहे. हो ची मिन्ह यांनी २७ फेब्रुवारी १९५५ च्या पत्रात पौर्वात्य आणि पाश्चात्त्य वैद्यकाची सांगड घालायला सांगितलं. ती तारीख तिथे डॉक्टर दिन म्हणून पाळतात. पारंपरिक उपचार आरोग्य विम्यात बसतात आणि प्रांतोप्रांती त्यांची वेगळी रुग्णालयं आहेत.

“झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?”

बंदुकीच्या दारूलाही थुओक म्हणतात हे आठवा.

वचनाग आपल्याला माहीत आहे. जालीम विष, आणि शुद्ध करून आयुर्वेदात औषध. त्याच कुळातल्या कंदाची पेज व्हिएतनामच्या डोंगराळ हा जांग भागात थंडीत आवडीने खातात, पण कंद तासन् तास शिजवून. शिजवणं कमी पडलं तर माणूस दगावतो. ज्येष्ठमधासारखं निरुपद्रवी वाटणारं द्रव्यही रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढवतं. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी दुसरी गेली आणि शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं खराब झाली.

सर्वांत जवळचं उदाहरण हनोईचं. तोंड आलेल्या, भूक नसलेल्या बाळांना तिथे एक नारिंगी भुकटी देण्याची जुनी रीत आहे, ‘थुओक काम’. २०१२ च्या आसपास शिशाची विषबाधा झालेली मुलं रुग्णालयात येऊ लागली तेव्हा बोट या भुकटीकडे गेलं. रंग येत होता तो शिशाच्या लाल भस्मातून. आपण त्याला शेंदूर म्हणतो.

गेंड्याचं काय?

संग्रहालयं सांगतात त्याहून हा भाग वाईट आहे. गेंड्याचं शिंग जुन्या ग्रंथांत तापावर सांगितलंय. कॅन्सर बरा होतो ही मात्र अलीकडची अफवा, परंपरा नव्हे. शिंग म्हणजे केराटिन, आपली नखं असतात तेच. व्हिएतनामचा शेवटचा जावा गेंडा २०१० मध्ये कात तिएन राष्ट्रीय उद्यानात मेलेला सापडला, पायात गोळी आणि शिंग कापलेलं. आसाम सरकारने २२ सप्टेंबर २०२१ रोजी २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली, ती याच बाजाराला ‘यात काही नाही’ असं दाखवायला. अस्वलाच्या पित्ताचं दुखणं वेगळं आहे. त्यात खरंच गुणकारी आम्ल आहे, पण ते कारखान्यात बनतं आणि तुमच्या शेजारच्या मेडिकलमध्ये गोळीच्या रूपात मिळतं. त्यासाठी अस्वल पिंजऱ्यात कोंडायची गरज उरलेली नाही.

तर बघायचं काय आणि घ्यायचं काय?

अवजारं बघा. होडीच्या आकाराचा लोखंडी खल असतो. त्यात चाकासारखा दगड किंवा लोखंडी चकती पायाने पुढे-मागे ढकलत मुळ्या कुटतात, हात मोकळे राहतात. एका टोकाला बिजागरी असलेली कातरणीची सुरी आपल्या सुपारीच्या अडकित्त्याची थोरली बहीण वाटते. जुन्या दुकानाची प्रतिकृती आहे. तिथे वैद्याचा अंगरखा चढवून गल्ल्यामागे फोटो काढून घेता येतो. लाजू नका, सगळेच काढतात.

मग वाटेवर दुकान येतं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे खाजगी संग्रहालय आहे आणि ज्यांचं आहे ते औषधं विकतात. त्यात गैर काही नाही, पण ‘हे लागू पडत नाही’ अशी पाटी तुम्हाला कुठल्याच दालनात दिसणार नाही. चहा घ्या, बाम घ्या. रक्त पातळ करणारी, साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पोटात घ्यायचं काहीही आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. गर्भवतीने तर नाहीच.

बाहेर पडल्यावर सायगावात हिरव्या रसाची गाडी दिसतेच. ‘राउ मा’ म्हणतात त्याला. उन्हात पितात, थंड म्हणून. पान उचलून बघा: गोल, बारीक दातेरी कडेचं. कोकणात पाणथळ बांधावर येतो तो कारिवणा, मंडूकपर्णी. गाडीवाला साखर फार घालतो. ‘इत दुओंग’, म्हणजे साखर कमी, एवढं पाठ करून जा.